गणित सोडण्यापूर्वी



दहावीचा निकाल लागला की, मासवण, मनोर, पालघर, बोईसर अशा गावांतल्या घराघरांत एक प्रश्न निघतो. पुढे गणित घ्यायचे की सोडायचे? अब्बा म्हणतात, "विज्ञान शाखा घे, गणित ठेव." मोठी आपा म्हणते, "टक्के कमी होतील, सोडून दे." मित्र म्हणतो, "मी सोडतो आहे, तूही सोड." तुम्ही मात्र मनातल्या मनात ठरवून टाकलेले असते, 'मला गणित जमत नाही.' काहींनी तर हे नववीतच ठरवलेले असते.

गणित सोडणे हा काही गुन्हा नाही. पण ते अवघड का वाटते याचा शोध न घेता ते सोडणे नुकसानीचे आहे. आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलामुलींनी तर हा शोध घेतलाच पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे आता सांगतो.

आधी थोडी माहिती घेऊ. कोठारी आयोगाने १९६६ साली आपला अहवाल दिला. शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सर्वांना शिकवावे, अशी शिफारस त्यात होती. तरीही अवघड वाटणाऱ्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आला. आपल्या राज्यात काही वर्षे नववी-दहावीला 'सामान्य गणित' नावाचा सोपा पर्याय होता. २०१८ साली दहावीची नवी पुस्तके आली आणि तो पर्याय बंद झाला. केंद्रीय मंडळाने मात्र २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन पातळ्या केल्या, एक नेहमीची आणि एक सोपी. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात आणखी एक सूचना आली. गणितात किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण निदान २० गुण मिळाले, तर विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे. मात्र त्याला पुढे गणित किंवा विज्ञान घेता येणार नाही, अशी नोंद त्याच्या गुणपत्रिकेवर करावी.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. गणितातून बाहेर पडण्याची वाट रुंद व्हावी, असे अनेकांना वाटते. त्यांचा हेतू चांगला आहे. एका विषयामुळे मुलांचे शिक्षण थांबू नये, असे त्यांना वाटते. ज्या मुलांना आकडे वाचण्यात किंवा मांडण्यात जन्मजात अडचण असते, त्यांच्यासाठी मंडळाच्या वेगळ्या सवलतीही आहेत. त्या घेणे हा त्या मुलांचा हक्क आहे, त्यात लाज नाही. पण बाहेर जाण्याची वाट रुंद झाली म्हणून प्रत्येकाने त्या वाटेने गेलेच पाहिजे असे नाही. वाट जितकी सोपी, तितका निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गणित अवघड वाटते, म्हणजे नेमके काय अवघड वाटते?

एक उदाहरण घ्या. क्षचा वर्ग, वजा ५ क्ष, अधिक ६, बरोबर शून्य. तुमच्या पुस्तकातली ही साधी दो दर्जी मुसावात, म्हणजे मराठीत वर्गसमीकरण. बऱ्याच मुलांचे हे उदाहरण चुकते आणि ती म्हणतात, "वर्गसमीकरण कठीण आहे." वही तपासली तर वेगळेच दिसते. ज्यांचा गुणाकार ६ आणि बेरीज ५ होते असे दोन अंक शोधायचे असतात. ते अंक २ आणि ३. हे काम दहावीचे नाही, सहावीचे आहे. पुढे वजा चिन्हाचा घोटाळा होतो, तेही सातवीचे काम आहे. म्हणजे मुलगा वर्गसमीकरणावर अडलेला नसतो, मागे राहून गेलेल्या पायरीवर अडलेला असतो. अपूर्णांक, वजा चिन्ह, कंस आणि पाढे या चार गोष्टी पक्क्या नसतील, तर पुढचे सगळे गणित डोंगरासारखे वाटते. या चार गोष्टींना एक उन्हाळ्याची सुट्टी पुरते. त्यासाठी अख्खा विषय सोडणे म्हणजे चप्पल तुटली म्हणून शाळा सोडण्यासारखे आहे.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि ती खास आपली आहे. तुम्ही दहावीपर्यंत रियाजी उर्दूतून शिकता. तुम्हाला मुसल्लस कळतो, जाविया कळतो, कुतर आणि निस्फ कुतर कळतात. शेजारच्या मराठी शाळेतली मुले त्यांनाच त्रिकोण, कोन, व्यास आणि त्रिज्या म्हणतात. अकरावी विज्ञानाचा वर्ग मात्र इंग्रजीतून चालतो. तिथे तेच शब्द ट्रँगल, अँगल, डायमीटर आणि रेडियस होऊन समोर येतात. पहिल्या महिन्यात सर फळ्यावर लिहीत जातात आणि तुमच्या कानावरून शब्द नुसते वाहत जातात. मग तुम्ही म्हणता, "मला गणित कळत नाही." खरे म्हणजे गणित कळत असते, शब्द कळत नसतात. मराठी माध्यमाच्या मुलांनाही हा त्रास होतो. पण आपल्याकडे मदत मागायला वर्गात ओळखीचे कमी असतात, म्हणून आपली मुले लवकर हार मानतात.

भाषा बदलली म्हणून गणित बदलत नाही, हे इतिहासच सांगतो. भास्कराचार्यांनी 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ ११५० साली संस्कृतात लिहिला. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पुढे १५८७ साली अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजी या कवीने या ग्रंथाचे फारसीत भाषांतर केले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी अरबीत लिहिलेले पुस्तक बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेले आणि त्यातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून 'अल्जिब्रा' हा शब्द युरोपात रूढ झाला. संस्कृतातून फारसीत आणि अरबीतून लॅटिनमध्ये गणित गेले, तर उर्दूतून इंग्रजीत तुम्हाला ते का नेता येणार नाही? त्यासाठी फक्त एक वही लागते. एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात उर्दू शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. दहावीच्या दोन्ही पुस्तकांतले दोनशे शब्द लिहून काढले, तर अकरावीचा निम्मा डोंगर उतरतो.

तिसरी अडचण आत्मविश्वासाची आहे. मरियम मिर्झाखानी या इराणच्या मुलीची गोष्ट ऐका. तेहरानच्या शाळेत असताना एका वर्षी तिचे गणित चांगले गेले नाही. ही मुलगी गणितात हुशार आहे, असे त्या वर्षीच्या शिक्षकांना वाटत नव्हते. तिचे मन गणितातून उडाले. दुसऱ्या वर्षी धीर देणारे शिक्षक मिळाले आणि चित्र पालटले. पुढे २०१४ साली तिला फील्ड्स पदक मिळाले. गणितातला हा जगातला सर्वांत मोठा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. २०१७ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. त्या एका वाईट वर्षात तिने गणित कायमचे सोडले असते, तर? मुलींनो, "मुलींना गणित काय करायचे?" असे कोणी म्हटले, तर तिचे नाव सांगा. आपण सगळे मिर्झाखानी होणार नाही, हे खरे. पण एका वर्षाच्या गुणांवरून स्वतःवर कायमचा शिक्का मारून घेऊ नये, इतके तर आपण शिकू शकतो.

काही मुले विचारतात, "या गणिताचा उपयोग तरी काय?" त्यांनी जरा आपल्या आसपास पाहावे. आपल्या मासवणजवळ सूर्या नदीचे पाणी पंपाने उपसले जाते. ते धुकटण येथे शुद्ध होते आणि मोठ्या नळांतून वसई-विरारकडे जाते. आता सांगा, नळाचा व्यास दुप्पट केला आणि पाण्याचा वेग तोच ठेवला, तर पाणी किती पट जाईल? अनेक जण म्हणतील, दुप्पट. उत्तर आहे चौपट. १ मीटर व्यासाच्या नळाचे तोंड सुमारे ०.७९ चौरस मीटरचे असते, तर २ मीटर व्यासाचे सुमारे ३.१४ चौरस मीटरचे. वर्तुळाच्या क्षेत्रफळात त्रिज्येचा वर्ग असतो, तो असा कामाला येतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याने योजना आखली, तर कुठे पैसा वाया जाईल आणि कुठे लोक तहानलेले राहतील.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, कापडाचे, लोखंडाचे कारखाने आहेत. तिथे रसायनात किती टक्के पाणी मिसळायचे, यंत्राचा भाग किती मिलिमीटरचा कातायचा, हे गणितच सांगते. आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होण्यासाठी गेलात, तरी तिथेही कारखान्याच्या हिशेबांचा विषय शिकावा लागतो. अशा कारखान्याच्या दारात हमाल म्हणून उभे राहायचे की आत यंत्रावर, यात गणिताचा वाटा मोठा आहे.

आता दारांचा हिशेब करू. अकरावी-बारावीला गणित नसेल, तर अभियांत्रिकीच्या पदवीचा नेहमीचा मार्ग बंद होतो.  एनडीएमधून नौदलात किंवा हवाई दलात जाता येत नाही. उलट डॉक्टर, परिचारिका किंवा औषधनिर्माण या मार्गांना जीवशास्त्र घेऊनही जाता येते. वाणिज्य शाखेत गणित न घेता बारावी होता येते. पण पुढे सी. ए. व्हायचे ठरवले, तर पहिल्याच परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका समोर येते. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असते. प्राथमिक शिक्षक होण्यासाठी जी पात्रता परीक्षा असते, तिच्यात १५० पैकी ३० गुण गणिताचे असतात. म्हणजे विषय सोडला, तरी गणित आपल्याला पूर्णपणे सोडत नाही.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. गणित घेऊन नंतर सोडणे सोपे आहे. सोडून नंतर परत घेणे फार कठीण आहे, कारण बारावीचे गणित अकरावीच्या पायावर उभे असते. ज्याला अजून काहीच ठरवता आले नाही, त्याने म्हणूनच गणित ठेवावे. विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात, हेही पुष्कळांना माहीत नसते.

मग गणित कोणी सोडावे? ज्याला आपली दुसरी वाट स्पष्ट दिसते आहे, त्याने खुशाल सोडावे. कोणाला उर्दू किंवा मराठी साहित्य शिकायचे आहे, कोणाला वकील व्हायचे आहे, कोणाला परिचारिका व्हायचे आहे. त्यांनी गणितात रडतखडत दोन वर्षे घालवण्यापेक्षा आपल्या विषयात मन लावावे. टक्क्यांचा विचारही चुकीचा नाही, कारण प्रवेश टक्क्यांवरच मिळतो. पण ज्या अभ्यासक्रमासाठी टक्के हवेत, तिथे गणित लागत नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. मित्र सोडतो म्हणून, एका चाचणीत नापास झालो म्हणून, किंवा सर रागावले म्हणून मात्र सोडू नये.

निर्णयाची एक सोपी रीत सांगतो. आपल्या शेवटच्या दोन प्रश्नपत्रिका घ्या. प्रत्येक चुकलेल्या उदाहरणासमोर कारण लिहा. मागचे येत नव्हते, शब्द कळला नाही, घाई झाली, की पुष्कळ प्रयत्न करूनही कल्पनाच समजली नाही? मग मोजा. पहिली तीन कारणे जास्त निघाली, तर तुमचे भांडण गणिताशी नाही. त्यावर इलाज आहे. शाळेतल्या शिक्षकांना गाठा, मागच्या इयत्तेची पुस्तके काढा, दोघातिघांनी मिळून बसा. चौथे कारणच जास्त निघाले आणि मन दुसऱ्या विषयात रमत असेल, तर अम्मी-अब्बांना ती वही दाखवा आणि शांतपणे सांगा की, मी विचार करून गणित सोडतो आहे. असे सांगणाऱ्या मुलाला कोणी भित्रा म्हणणार नाही.

मुलांनो, हा निर्णय तुमच्या आयुष्यातला पहिला मोठा निर्णय असेल. तो भीतीला घेऊ देऊ नका. अकरावीच्या अर्जात विषयांपुढे खूण करण्यापूर्वी आठ दिवस काढा आणि कारणांची ती यादी करा. मग घेतले तरी चांगले, सोडले तरी चांगले.