जुनी गाडी घ्यावी कीं न घ्यावी ?

जुनी वस्तु विकत घेऊं पाहणाऱ्या मनुष्यास दोन प्रकारचे सल्लागार हटकून भेटतात. एक म्हणतो, "स्वस्तांत मिळते आहे, सोडूं नका." दुसरा म्हणतो, "सस्तें तें अखेरीस महागच पडतें." या दोघांनींहि बहुधा ती वस्तु पाहिलेली नसते. घर असो, सायकल असो, शिवणयंत्र असो कीं मोटार असो, ती उलटून पाहण्याच्या आधींच त्यांचें मत ठरलेलें असतें. आम्हांस हे दोन्ही सल्ले सारखेच निरुपयोगी वाटतात.

हा विषय सुचण्यास निमित्त एका पत्राचें झालें. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कांहीं वर्षांपासून इंग्लंडांत नोकरीस आहे. त्यास तेथील एम. जी. बी. या नांवाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स मोटार घेण्याची फार दिवसांची इच्छा आहे. अशा दोन गाड्या त्यानें पाहून ठेविल्या आहेत. पहिली १९७२ सालची. तांबडी, चकचकीत, चालू स्थितींतील. तिची मागणी ९,००० पौंडांची. दुसरी १९७४ सालची. २००९ पासून एका शेतकऱ्याच्या कोरड्या कोठारांत उभी. रंग विटलेला, टायरांस चिरा पडलेल्या, इंजिन बंद. किंमत ३,५०० पौंड. मुलाचे वडील एस. टी. च्या कार्यशाळेंत तीस वर्षें काम करून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांनीं एका ओळींत कळविलें, "दोन्ही नकोत." येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मुलाच्या शिलकेचा मोठा भाग येत्या उन्हाळ्यांत आईवडिलांस तिकडे नेण्यासाठीं ठेवलेला आहे. वडिलांनीं त्याविषयीं एक अक्षरहि काढलें नाहीं. मुलानें मात्र तें आपण होऊन आम्हांस लिहिलें, आणि "आपलें मत काय?" असें विचारलें.

मत देण्यापूर्वीं या गाडीची ओळख वाचकांस करून देणें अवश्य आहे, कारण निर्णयाची किल्ली तिच्या रचनेंतच दडलेली आहे. एम. जी. हीं अक्षरें ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या नांवांतून आलीं. एम. जी. बी. ही गाडी ॲबिंग्डन या गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे, आणि त्या अठरा वर्षांत पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. इंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ सी. सी. चें, इतकें साधें कीं हुशार मुलास तें एका सुटींत समजावें. जिच्या इतक्या गाड्या निघाल्या व ज्या गाडीवर लोकांचा इतका लोभ, तिचे सुटे भाग आजहि तेथें सहज मिळतात. पिस्टन, ब्रेकचे सिलिंडर, कार्ब्युरेटरचीं जेटें, दिव्यांच्या कांचा, कशाचीच वाण नाहीं. सबब इंजिन बंद आहे ही गोष्ट ऐकावयास भयंकर वाटली तरी ती या गाडीच्या बाबतींत लहान गोष्ट आहे.

मोठी गोष्ट निराळीच आहे. जुन्या मालमोटारीप्रमाणें या गाडीस खालीं स्वतंत्र सांगाडा नाहीं. पत्र्याच्या अंगावरच सर्व भार तोललेला असतो, व त्यांतहि दोन्ही दरवाजांखालून जाणाऱ्या पोकळ तुळयांवर, ज्यांस तेथील कारागीर सिल म्हणतात, फार भिस्त असते. वर छप्पर नसल्यामुळें गाडीचा पुढचा व मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचें काम मुख्यत्वें याच तुळयांस करावें लागतें. आतां इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळावें म्हणून मीठ पसरतात. तें खारें पाणी व चिखल पुढील चाकांच्या मागें सांचतो, पोकळींत शिरतो, आणि पत्रा आंतून खाऊं लागतो. लोखंड, पाणी व प्राणवायु एकत्र आले म्हणजे गंज चढतो, व मीठ असलें म्हणजे तो अधिक वेगानें चढतो, हें आमचे विद्यार्थी रसायनशास्त्राच्या तासास शिकलेले आहेतच. कोंकणांतील मुलांस तर पुस्तकाचीहि गरज नाहीं. त्यांनीं घराच्या खिडकीचे गज पाहावेत. रंगावर बारीक फोड दिसूं लागतात त्याच्या कितीतरी आधीं आंतील पत्र्याची चाळण झालेली असते.

आणि येथेंच चकचकीत रंग हा घेणाऱ्याचा शत्रु ठरतो. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून, भोंकांत पुट्टी भरून, वरून तांबडा रंग फासला कीं गाडी नवरीसारखी दिसते. चुंबकास पातळ फडकें गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. लोखंड असेल तेथें तो धरतो, पुट्टी असेल तेथें सुटतो. गाडी जॅकवर उचलावी आणि दरवाजाच्या कडेची फट पाहावी. ती लहानमोठी होऊं लागली तर अंगांत जोर उरला नाहीं असें समजावें. पायांखालचा गालिचा उचलावा. विकणारा गालिचा उचलूं देत नसेल तर टोपी घालून सरळ घरीं यावें.

इंजिन दुरुस्त करावयाचें तर तें बाहेर काढून, उघडून, भाग बदलून पुन्हा बसवितां येतें; खर्च आधीं मोजतां येतो. गंजाचें तसें नाहीं. एक तुकडा कापावा तों त्याच्या पलीकडचाहि गेलेला निघतो. सिल नीट बदलावयाची तर पुढच्या पंख्याचा खालचा भाग कापावा लागतो, गाडी वाकूं नये म्हणून आधार द्यावे लागतात, आणि तासांमागून तासांची वेल्डिंगची मजुरी भरावी लागते. १९८८ पासून या गाडीचें संबंध नवें अंगच विकत मिळतें, ही गोष्ट जितकी समाधानाची तितकीच विचार करावयास लावणारी आहे; कारण नवें अंग करून विकण्याची वेळ कोणत्या भागामुळें आली असेल, तें सांगावयास नको.

तेथील सरकारी व्यवस्थेंत एक मौजेचा भाग आहे. चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राहिलेल्या गाड्यांस २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ति नाहीं. लोकांस ही सवलत वाटते. आम्हांस ती घेणाऱ्यापुरती गैरसोय वाटते, कारण तिऱ्हाइताची नजर त्या गाडीखालीं जाण्याचें बंद झालें. सुदैवानें २००५ पासूनच्या तपासण्यांच्या नोंदी गाडीच्या क्रमांकावरून कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. तांबड्या गाडीची नोंद आमच्या विद्यार्थ्यानें काढली, तों ती दोन वेळां गंजामुळें नापास झालेली, आणि २०१८ नंतर एकदांहि तपासणीस गेलेली नाहीं. नंतर तिला हा सुंदर रंग मिळाला. अशा गाडीस ९,००० पौंड द्यावयाचे म्हणजे रंगाचे पैसे द्यावयाचे. येथें वडिलांचा नकार आम्हांस पूर्णपणें मान्य आहे.

दुसऱ्या गाडीविषयीं मात्र आमचें व त्यांचें जमत नाहीं. ती कोरड्या जागीं उभी आहे, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तिला खाऱ्या रस्त्याचा स्पर्श नाहीं. इंजिन हातानें फिरत असेल तर तें चालूं होण्याची बरीच आशा आहे. न फिरलें तरी मार्ग आहे. ब्रेकांतील सर्व रबरी भाग, टायर, पेट्रोलच्या नळ्या हें तर बदलावेंच लागेल. त्यांतहि नळ्या आधीं, कारण २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमधील साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें जुन्या रबरास मानवत नाहीं. हीं सर्व कामें कष्टाचीं आहेत, पण आंधळीं नाहींत. ज्याला स्वतःच्या हातानें काम करण्याची आवड आहे त्यानें बंद पडलेली पण धड अंगाची गाडी घ्यावी, आणि ज्याला केवळ मिरवावयाचें आहे त्यानें दुसऱ्या कोणीं पैसे ओतून नीट केलेली, पावत्यांसह, अधिक किमतीस घ्यावी, असें आम्हांस वाटतें. मधली, अर्धवट सजविलेली गाडी कोणींच घेऊं नये.

पैशाविषयींहि स्पष्ट बोललें पाहिजे. ३,५०० पौंडांची गाडी घेणाऱ्याजवळ निदान तितकेच पैसे वेगळे हवेत, व ते कर्जाचे नसावेत. आईवडिलांच्या तिकिटांचे पैसे या हिशेबांत धरूंच नयेत. नोकरीस जाण्याचें वाहन निराळें असावें. झांकलेली जागा नसेल तर हा नाद सोडून द्यावा. पावसांत उभी केलेली धड गाडी चार हिवाळ्यांत तांबड्या गाडीचीच बहीण होईल. आमच्या विद्यार्थ्यास शेजाऱ्याचें गॅरेज भाड्यानें मिळतें आहे, म्हणून पुढचें बोलणें.

आपल्याकडे जुनी मोटार घेणाऱ्या पालकांसहि यांतील बरेंचसें लागू आहे. फरक एवढाच कीं येथें पत्र्याइतकेच कागद तपासावे लागतात. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपांतील गाड्यांसाठीं २०२१ च्या नियमांनीं निराळी नोंदणी ठरविली आहे. परंतु ती घेतलेली गाडी नेहमींच्या वापरास काढतां येत नाहीं. मुलाच्या हट्टाखातर अशी गाडी दारीं आणणाऱ्यानें हें आधीं वाचावें.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं असें लिहिलें आहे कीं, तिकिटें प्रथम काढावींत, आणि कोठारांतली गाडी वडील तेथें पोहोंचून स्वतः तिच्याखालीं शिरेपर्यंत घेऊं नये. तेवढ्यांत ती दुसऱ्यानें नेली तर नेऊं द्यावी. पांच लाखांवर निघालेल्या गाडीची दुसरी मिळेल. वडिलांसहि एक कार्ड टाकलें आहे, कीं येतांना सामानांत आपला चुंबक ठेवावा.