संसारांतील शास्त्र : वाऱ्याची उशी आणि फिल्मची सरळ वाट

घरीं एखादें पार्सल आलें, कीं तें उघडण्याची घाई मुलांस असते. आणि त्याहूनहि अधिक घाई असते ती आंत भरलेल्या वाऱ्याच्या उशा फोडण्याची. थोरल्या माणसांच्या लेखीं ती उशी म्हणजे केरांत टाकावयाची वस्तु. मीहि आजवर तिच्याकडे याच दृष्टीनें पाहत होतों. परंतु गेल्या भाद्रपदांत गणपतीनिमित्त आम्ही सारीं चिपळुणास जमलों असतां अशी एक गोष्ट घडली, कीं त्या क्षुद्र उशीवर एका बाईची भाकरी अवलंबून आहे, असें दिसून आलें. ती हकीकत आणि तिच्यामागचें शास्त्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

आमच्या वहिनींनीं वीस वर्षांपूर्वीं घरच्या घरीं कोकमाचें आगळ विकावयास आरंभ केला. आतां तो व्यवसाय माझा पुतण्या पाहतो. पुण्यामुंबईस कांचेच्या बाटल्या खोक्यांतून जातात, आणि त्या फुटूं नयेत म्हणून खोक्यांतील मोकळ्या जागेंत वाऱ्याच्या उशा भरतात. त्या उशा तयार करण्याचें एक लहानसें यंत्र त्यानें माजघरामागच्या पडवींत बसविलें आहे. तें यंत्र चालविण्यास जवळच्या गांवची एक बाई येते. श्रावणापासून खोकीं भिजून परत येऊं लागलीं. बाटल्या फुटलेल्या, पुठ्ठा लालभडक, आणि उशा चपट्या. निघतांना टणक असलेली उशी वाटेंतच मान टाकीत असे. पुतण्याचें अनुमान झालें, कीं बाई हलगर्जीपणा करते. गणपति विसर्जन होतांच तिला रजा द्यावयाची. वहिनींस हें रुचलें नव्हतें. त्या मला म्हणाल्या, "भावोजी, ती बाई तीन वर्षें आपल्याकडे आहे. एकदां तुम्ही स्वतः पाहा आणि मग काय तें त्याला सांगा."

म्हणून दुसरे दिवशीं सकाळीं मी त्या यंत्रापाशीं जाऊन बसलों. आधीं यंत्राची रचना सांगतों. एका दांड्यावर पॉलिथिनच्या फिल्मची गुंडाळी असते. कामगार तिला रोल म्हणतात. ही फिल्म दुहेरी असून तिची जाडी सामान्यतः 20 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनहि कमी असते. तिच्यांत कारखान्यांतच आडव्या शिवणी घातलेल्या असतात, त्यामुळें ओळीनें कप्पे तयार झालेले असतात. एका कडेनें मात्र सर्व कप्प्यांना जोडणारा एक अखंड बोगदा मोकळा ठेवलेला असतो. आपल्या भगिनींना तो एका शब्दांत समजेल : परकराचा नेफा. नेफ्यांत जशी नाडी, तशी या बोगद्यांत यंत्राची एक लांब नळी शिरते. नळींतून वारा कप्प्यांत जातो. लगेच पुढें तापलेले पट्टे किंवा चाकें कप्प्यांचें तोंड वितळवून बंद करतात. आणि शेवटीं एक लहान पातें नेफा उभा कापून फिल्मला नळीवरून मोकळी करतें. नाडी जागच्या जागीं स्थिर, आणि परकरच तिच्यावरून पुढें सरकतो आहे, अशी कल्पना करावी.

पॉलिथिन हा पदार्थ 1933 सालीं इंग्लंडांतील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत गिब्सन व फॉसेट या दोघांच्या हातून, दुसरेंच कांहीं शोधीत असतां, अकस्मात् निर्माण झाला. पुढें 1957 सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत फील्डिंग व शावान या दोघांनीं दोन प्लास्टिकचे पडदे एकत्र चिकटवून भिंतीस लावावयाचा नवा कागद करूं पाहिला. भिंतीस तो कोणी लावला नाहीं. परंतु त्यांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतूनच बांधणीचा फुगीर कागद जन्मास आला, आणि 1960 सालीं त्यासाठीं त्यांनीं कंपनी काढली. त्या कागदाची अडचण एवढीच, कीं तो विकत घेतांना आपण बरीचशी हवाच गाडीभाडें भरून आणतों. आमच्या पडवींतील यंत्रासारख्या यंत्रांनीं ती अडचण दूर केली. फिल्म चपटी येते, आणि वारा जागेवर भरला जातो.

परंतु या सोयीबरोबर एक नवी जबाबदारी आली. ज्या ठिकाणीं कप्प्याचें तोंड बंद व्हावयाचें, तो शिवणीचा पट्टा कांहीं मिलिमीटर रुंदीचा असतो. फिल्म तेवढ्याच वाटेनें तंतोतंत चालली पाहिजे. ती एका बाजूस सरकली, तर नेफा नळीवर ताठ बसून फाटतो. दुसऱ्या बाजूस सरकली, तर नेफा सैल पडून त्याला चुण्या पडतात आणि त्या चुण्यांवरूनच शिवण जाते. चुणीखालीं राहिलेली फट डोळ्यांस दिसत नाहीं. वाऱ्यास मात्र ती बरोबर सांपडते. गणितहि सोपें आहे. एक अंशाचा कल एक मीटर लांबीवर सुमारें 17 मिलिमीटरांचें अंतर पाडतो. एक अंश म्हणजे काय, तर घड्याळाच्या मिनिटकांट्याच्या दहा सेकंदांच्या चालीइतका कोन!

आतां फिल्म वाट सोडते कशानें? एक साधा नियम ध्यानांत ठेवावा. फिरत्या रोलरवर येणारी फिल्म न घसरतां त्याला चिकटून चालत असेल, तर ती त्या रोलरच्या अक्षाशीं काटकोन करून येऊं पाहते. रोलर वांकडा असला, तर त्याचें जें टोंक फिल्मला आधीं भेटतें, त्या बाजूस ती हळूहळू सरकते. पिठाच्या गिरणींतील पट्टा चाकावरून कां घसरत नाहीं, याचें उत्तरहि याच नियमांत आहे. तें चाक मध्यभागीं किंचित् फुगीर केलेलें असतें, आणि पट्टा वळत वळत त्या उंचवट्यावरच येऊन स्थिरावतो. पट्टा जाड असल्यामुळें त्याला ही युक्ति मानवते; पातळ फिल्म मात्र अशा फुगीर चाकावर चुरगळून जाईल. म्हणून तिच्यासाठीं सारे रोलर परस्परांशीं समांतर ठेवणें हाच खरा उपाय. चालत्या कापडाच्या, कागदाच्या किंवा फिल्मच्या या आडव्या चालीचें गणित अमेरिकेंतील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठांत शेल्टन यांनीं 1968 सालच्या आपल्या प्रबंधांत सविस्तर मांडलें आहे.

वाऱ्याच्या उशीच्या बाबतींत आणखी एक खोड आहे, आणि ती कागदाच्या किंवा कापडाच्या यंत्रांत आढळत नाहीं. चपटा कप्पा फुगला, कीं तो आखडतो. 20 सेंटिमीटर रुंदीचा कप्पा अगदीं वर्तुळाकार फुगला, तर त्याची रुंदी सुमारें पावणेतेरा सेंटिमीटरच उरेल. एवढा तो कधींच फुगवीत नाहींत. तथापि थोडाबहुत आखडतोच. म्हणजे फिल्मची फुगलेली बाजू लांबींत कमी होते, आणि नेफ्याची कड मात्र पूर्वीइतकीच लांब राहते. नाडी आवळली असतां नेफ्याकडची बाजू आखडून खालचा घेर पसरतो. येथें नेमकें उलट होतें. परिणाम असा, कीं उशांची माळ धनुष्यासारखी वळते आणि जातां जातां मागची फिल्महि नळीपासून दूर ओढते. म्हणून शिवण थंड होईपर्यंत ती दोन पट्ट्यांमध्यें घट्ट धरून ठेवावी लागते, आणि कांहीं यंत्रांत ते पट्टे मुद्दामच किंचित् तिरपे बसवितात, कीं जेणेंकरून फिल्म नळीकडे ओढलेली राहावी. सारांश, फुगण्याचीच ओढ फिल्मला वाकडें नेते. तींत यंत्राच्या वांकडेपणाची भर पडली, कीं सारें बिघडतें.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. मी तासभर नुसता पाहत होतों. बाईनें नवा रोल चढविला, आणि काय आश्चर्य! ती डाव्या हाताचीं दोन बोटें फिल्मच्या कडेला लावून उभी राहिली. मी विचारलें, "बाई, हें कशासाठीं?" ती म्हणाली, "काका, नवा रोल चढवला कीं नळीवरची कड वळवळते. बोट लावलं कीं जरा सरळ चालते. दुपारपर्यंत रोल हलका झाला कीं मग आपोआप नीट येतं. सकाळच्या उशाच गळतात, दुपारच्या नाहीं." मी म्हटलें, "मग हें मालकांस सांगितलें कां नाहीं?" तिनें मान खालीं घातली. "सांगितलं होतं, काका. मालक म्हणाले, उष्णता वाढवा. वाढवली. मग म्हणाले, ब्रेक आवळा. तोहि आवळला."

जड रोल असतांना बिघाड आणि हलका झाल्यावर सुधारणा! या एका वाक्यांत सारा रोग सांगितलेला होता. मी घरांतून पाणसळ आणविली आणि दांड्यावर ठेवली. रिकाम्या दांड्यावर बुडबुडा जवळ जवळ मध्यें. परंतु नवा रोल चढवितांच तो आंतल्या बाजूस पळाला. दांड्यास आधार एकाच टोंकास होता. सततच्या थरथरीनें त्या आधाराचे बोल्ट ढिले झाले होते, आणि पूर्ण रोलच्या भारानें दांड्याचें बाहेरचें टोंक खालीं झुकत होतें. दांड्यापासून वरच्या रोलरपर्यंतचें अंतर त्यामुळें बाहेरच्या कडेस अधिक आणि आंतल्या कडेस कमी झालें. बाहेरची कड ताठ, आंतली सैल. आणि नेफा होता आंतल्या कडेस! तो नळीवर वळवळत होता आणि शिवण चुण्यांवरून जात होती. उष्णता वाढवून फिल्म अधिकच मऊ झाली, आणि ब्रेक आवळल्यानें ताठ कड कायमची ताणली जाऊं लागली. दोन्ही औषधें रोग वाढविणारीं ठरलीं.

पुतण्यास बोलावून बुडबुडा दाखविला. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. नंतर स्वतःच पाना घेऊन त्यानें बोल्ट आवळले, आणि दांड्याच्या मोकळ्या टोंकाखालीं आधाराची एक बैठक बसविली. उष्णता व ब्रेक पूर्ववत् केले. त्यानंतर नव्या रोलच्या पहिल्या वीस उशा बादलींत पाण्याखालीं दाबून पाहिल्या, सायकलच्या ट्यूबचें पंक्चर पाहतात तशा. एकीतूनहि बुडबुडा आला नाहीं. त्याच उशांवर रात्रभर फळी व फळीवर पाटा ठेवला. सकाळीं त्या जशाच्या तशा होत्या. बाईस पुतण्या म्हणाला, "ताई, तुम्ही पहिल्या दिवशींच बरोबर सांगत होतां. चूक माझी झाली." त्या दिवसापासून पाना आणि पाणसळ तिच्याच ताब्यांत आहे.

ज्यांच्या घरीं असा व्यवसाय आहे, त्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, नवा रोल चढवितांना त्याची कड दांड्यावरील खुणेस बरोबर मिळवावी. दोन, दांडा समतल आहे कीं नाहीं हें भरलेल्या रोलसह पाहावें, रिकाम्यानें नव्हे. तीन, उशी गळूं लागतांच उष्णता वाढवूं नये. फिल्मच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून एक ताठ व एक सैल तर नाहीं ना, हें आधीं पाहावें. चार, दोन्ही कडा सारख्या दिसूनहि फिल्म एकाच बाजूस वळत असेल, तर दुसरा रोल चढवून पाहावा. कधीं कधीं कारखान्यांतूनच एक कड लांब होऊन आलेली असते, आणि तेथें यंत्राचा कांहींच दोष नसतो.

प्रत्येक गळकी उशी म्हणजे वाया गेलेलें प्लास्टिक, आणि पॉलिथिन मातींत सहजीं कुजत नाहीं, हें आतां कोणास सांगावयास नको. 2018 सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली ती याच कारणास्तव. जें वापरणें आपणांस टाळतां येत नाहीं, तें निदान एकदांच व नीट वापरावें, आणि न फुटलेली उशी पुन्हां कामीं आणावी. मुलांचा हिरमोड होईल. परंतु चार-दोन फोडावयास द्याव्या आणि उरलेल्या कपाटांत ठेवाव्या.

असो. चिपळुणाहून निघतांना वहिनींनीं आगळाच्या दोन बाटल्या बरोबर दिल्या. एरवीं मी त्या कपड्यांत गुंडाळून आणतों. या खेपेस त्या बाईनें स्वतः उशा भरून खोकें बांधून दिलें. घाटांतल्या साऱ्या खड्ड्यांतून तें खोकें पुण्यास पोहोंचलें, आणि उघडलें तेव्हां उशा टणक होत्या. जो हात शेवटीं वस्तूला लागतो, दोष त्याच्याच माथीं मारण्याची आपणां साऱ्यांस संवय असते. तो हात काय सांगतो आहे, हें ऐकावयास मात्र वेळ नसतो. एक पाणसळ आणि तासाभराची स्वस्थता एवढ्यानें तीन वर्षांची चाकरी वांचली, याचें समाधान मला त्या आगळाच्या सोलकढीहून अधिक वाटलें.