उदी ह्रांत कोणाचे?

ज्या वाद्यावर आज लिहितो आहे, त्याचे नाव ‘ऊद’. आपल्या उदबत्तीतला ऊद आणि हा ऊद मुळात एकाच अरबी शब्दाचे, त्याचा अर्थ लाकूड. फुगीर पोटाचे, आखूड मानेचे, सरोदेप्रमाणे पडदे नसलेले हे तंतुवाद्य. तुर्कस्तानात ते ज्याने छेडतात त्यालाही ‘मिझराप’च म्हणतात, आपल्या सतारियांना हा शब्द सांगावा लागू नये.

या वाद्याचा विसाव्या शतकातील एक थोर वादक म्हणजे ह्रांत केनकुलियन. जन्म १९०१, इस्तंबूलच्या पूर्वेस असलेल्या अदापझारी गावी, आर्मेनियन कुटुंबात. आणि जन्मतः अंध. त्यांना तुर्की संगीतकार म्हणावे की आर्मेनियन, हा वाद वरवर निरुपद्रवी दिसतो. तो तसा नाही, असे माझे मत आहे.

कारण मध्ये १९१५ हे साल उभे आहे. त्या वर्षी ऑटोमन सरकारने आर्मेनियन प्रजेला हद्दपार करून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलले आणि लाखोंचा संहार झाला. अदापझारीचे आर्मेनियनही घरादारांतून काढले गेले. ह्रांत यांचे कुटुंब कोन्याला पोहोचले. चौदा वर्षांच्या त्या अंध मुलाच्या हाती ऊद आला तो या परागंदा अवस्थेत. युद्ध संपल्यावर ते इस्तंबूलला आले आणि तेथील आर्मेनियन उस्तादांकडे त्यांची तालीम पुढे चालू राहिली.

‘आर्मेनियन उस्ताद’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. ज्या संगीताला आज ‘तुर्की अभिजात’ म्हणतात, ते केवळ तुर्कांनी घडवलेले नव्हे. त्या परंपरेतील शेकडो रचना ज्या स्वरलिपीमुळे टिकल्या, ती हांपार्सुम लिमोंजियन या आर्मेनियन गृहस्थाने सुलतान तिसऱ्या सेलीमच्या काळात तयार केली. तात्योस एफेंदी, बिमेन शेन हे नामांकित रचनाकार आर्मेनियनच. तेव्हा ह्रांत ‘परक्या’ संगीतात शिरले असे म्हणणे म्हणजे घरमालकालाच पाहुणा ठरवणे होय.

वादक म्हणून त्यांचे वेगळेपण हातात होते. तोपर्यंत भर असे तो वरून खाली येणाऱ्या आघातावर. ह्रांत यांनी दोन्ही दिशांचे आघात सर्रास वापरले, डाव्या हाताच्या बोटांनी तारा छेडल्या, दोन स्वर एकत्र वाजवले, तारा वेगळ्या प्रकारे लावून पाहिल्या. त्यांची तक्सीम, म्हणजे तालावाचूनची स्वरांची बढत, ऐकताना आलापाची सवय असलेल्या कानाला वाट सापडते. मात्र श्रुतींचे हिशेब निराळे आहेत, हे ध्यानात ठेवावे. काळही त्यांना अनुकूल नव्हता. १९३४ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने हे ‘जुने’ संगीत रेडिओवरून काही काळ बंदच करून टाकले होते.

१९५० मध्ये ते अमेरिकेस गेले, डोळ्यांवर इलाज होतो का हे पाहण्यासाठी. इलाज झाला नाही. मैफली मात्र अनेक शहरांत झाल्या. श्रोत्यांत मोठा भाग संहारातून वाचलेल्या आर्मेनियनांचा आणि त्यांच्या मुलांचा होता. ह्रांत त्यांच्यासमोर गात होते ते बव्हंशी तुर्की भाषेत. ज्या भाषेत हद्दपारीचे हुकूम निघाले, तीच त्यांच्या हरवलेल्या अंगणाचीही भाषा होती. अनातोलियातील कित्येक आर्मेनियनांच्या घरात तुर्कीच बोलली जाई.

पुढच्या पिढीला हे सोसवेना. १९६५ मध्ये संहाराला पन्नास वर्षे झाली, जागृती वाढली, आणि समारंभांत तुर्की गाणी नकोत असा आग्रह बळावत गेला. हा आग्रह मी समजू शकतो. ज्याच्या आजोळची माणसे मारली गेली, त्याला कान मिटण्याचा हक्क आहे. तरी त्यात तात्योस आणि ह्रांतही दाराबाहेर राहतात, हे नुकसान त्यांचे स्वतःचेच. तुर्कस्तानातील विस्मरणाला मात्र अशी सबब नाही. ‘आमचे उदी ह्रांत’ असा अभिमान मिरवावा आणि चरित्रातून १९१५ ची ओळ गाळावी, ही निवड आहे. दोन्ही बाजूंना सारखाच दोष देणारा समतोल मला येथे मान्य नाही. आणि ‘संगीताला सीमा नसतात’ हे वाक्य तर या चरित्रापुढे कोणी उच्चारूच नये. सीमा होत्या, आणि त्या माणसे हाकलून आखल्या गेल्या होत्या.

ह्रांत अखेरपर्यंत इस्तंबूलकरच राहिले. १९७८ मध्ये तेथेच वारले. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नोजवळच्या फाउलर गावी जन्मलेले रिचर्ड हागोपियन हे त्यांना गुरुस्थानी मानत. ह्रांत यांनीच त्यांना ‘उदी’ ही पदवी दिली. १९८९ मध्ये अमेरिकेने हागोपियन यांना राष्ट्रीय वारसा सन्मान दिला, तो आर्मेनियन वादक म्हणून. नावापुढची पदवी मात्र अरबी शब्दाची, इस्तंबूलहून आलेली, तशीच राहिली.