घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे

आमच्या बदलापूरच्या घरात, दिवाणखाना म्हणवून घेणाऱ्या खोलीत, खिडकीशी एक यंत्र उभे आहे. उल्हासनगरच्या चार नंबर कँपातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून ते मी माझ्या कादंबरीच्या मानधनात आणले. म्हणजे किती स्वस्तात आणले, हे मराठी वाचकांस वेगळे सांगायला नको. दुकानदार त्याला ‘ग्लायडर’ म्हणाला. सासूबाई त्याला ‘तो पाळणा’ म्हणतात. घरातली बाकीची मंडळी त्याला काहीच म्हणत नाहीत. त्यावर टॉवेल वाळत घालतात.

टॉवेल मी रोज उचलते. उचलता येत नाही ते एक वाक्य, आणि त्याच्याशीच आज भांडायचे आहे. मी यंत्रावर पाय ठेवला रे ठेवला, की कोणीतरी म्हणतेच, “अगं, दिवसभर राबतेस तो व्यायाम नाही तर काय?” म्हणणारा बहुधा खुर्चीत बसलेला असतो.

गेल्या वर्षी माझ्या रक्तात साखर सीमेवर येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितले. माझी आई याच दुखण्याने एकसष्टाव्या वर्षी गेली. तिने जन्मभर घरकामच केले होते; तेव्हा त्या व्यायामाचा गुण मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

चालायचे कोठे? सकाळी डबे करून अंबरनाथच्या शाळेसाठी गाडी गाठायची, संध्याकाळी परतायचे. आमच्या रस्त्याला पदपथ होता असे जुने लोक सांगतात. आता तेथे मोटारी झोपतात. अंधार पडल्यावर कुत्र्यांना आणि पानाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या तरुणांना चुकवीत बाईने किती भरभर चालायचे? म्हणून हे यंत्र.

यंत्र मोठे साधे आहे. तिकाटण्यासारखा लोखंडी सांगाडा, त्याला टांगलेल्या दोन फळ्या, आणि फळ्यांना जोडलेले दोन दांडे. फळ्यांवर उभे राहून दांडे मागेपुढे ओढले, की पाय कात्रीसारखे झुलतात. वीज लागत नाही. पाऊल फळीवरून उचलावेच लागत नाही, त्यामुळे गुडघ्याला धावण्याचे हिसके बसत नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिकेत टोनी लिटल नावाच्या गृहस्थांनी दूरचित्रवाणीवर आरडाओरडा करून ते ‘गझेल’ या नावाने खपवले. गझेल म्हणजे एका जातीचे चपळ हरिण. मी त्यावर हरिण दिसत नाही, हे मुलाने सांगितलेच आहे.

त्याचे दोषही सांगते, नाहीतर मी दुकानदाराची दलाल ठरेन. ते स्वतःच्या झोकाने झुलते. अंग सैल सोडले तर खरोखरच पाळणा होतो, आणि पाळण्यात बसून कोणी बारीक झाल्याचे ऐकिवात नाही. ढांग लांब टाकावी लागते, दांडे हातांनी खेचावे लागतात. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका दम लागला तरच उपयोग. शिवाय स्नायूंना बळ यायचे तर वजन उचलणे, उठाबशा हे वेगळेच करावे लागते. पंधरा दिवसांत पोट सपाट करण्याच्या ज्या जाहिराती येतात, त्या थापा आहेत.

आता आमच्या शाळेतल्या एका विद्वान सहकाऱ्यांकडे वळते. त्यांनी मला लंडनच्या जेरी मॉरिस यांचे संशोधन ऐकवले. मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो, कंडक्टर जिने चढतो-उतरतो, आणि हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळतो. “तुम्ही बायका म्हणजे घरच्या कंडक्टर!” असे म्हणून ते हसले.

मी घरी येऊन पुढचे वाचले. याच मॉरिसांनी १९५६ साली गणवेशांची मापे तपासली, तर चालकांचे कमरेचे माप नोकरीला लागतानाच मोठे निघाले! म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येईना. पुढे त्यांनी सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरांना विचारले, आणि १९७३ साली जे छापले त्यात फुरसतीच्या वेळी दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी, असे दिसून आले. फुरसतीच्या वेळी, हे शब्द मी सहकाऱ्यांना दोनदा वाचून दाखवले. आणखी एक गोष्ट दाखवली: या दोन्ही अभ्यासांत बाई एकही नव्हती.

जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगते की आठवड्याला किमान दीडशे मिनिटे बऱ्यापैकी श्रमाची हालचाल हवी, आणि घरकामाची हालचालही हिशेबात धरावी. धरा की! केर काढताना दम लागला तर तोही धरा. पण ओट्याशी तासभर उभे राहून पोळ्या लाटताना पाय दुखतात, छाती फुलत नाही. दुखणे म्हणजे व्यायाम असता तर आमच्यासारख्या निरोगी आम्हीच. ‘आजीला कुठे यंत्र लागले?’ असे विचारणारांनी आजीचा चाळिशीनंतरचा फोटो काढून तिच्या कमरेकडे पाहावे.

आणि सूर्यनमस्कारवाले! औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यांचा प्रसार केला, तो उत्तमच केला. जागा आणि खर्च दोन्ही वाचतात. पण मला सूर्यनमस्कार सुचवणाऱ्या एकाही गृहस्थाने ‘तू घाल, तोवर कुकर मी बघतो,’ असे म्हटलेले नाही. म्हणजे हरकत यंत्राला नाहीच. बाईने अर्धा तास कोणाच्याही उपयोगी न पडता घालवावा, याला आहे.

परवा दुपारी सासूबाई हळूच त्या दांड्याला धरून उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “पुसत होते गं.” हातात फडके नव्हते. मी म्हटले, “डावा पाय आधी, आई. मी धरते.”

सध्या त्यावर आकाशकंदिलाच्या कामट्या, रंगीत कागद आणि यांचा नवा सदरा आहे. सदरा मी खुर्चीवर टाकला आहे. कामट्या ज्याच्या असतील त्याने उचलाव्यात; साडेपाच वाजत आले आहेत, आणि आज पहिला नंबर सासूबाईंचा आहे.