बूट आधी उलटा करून पाहा

पावसाळी ट्रेकची जाहिरात आली की तिच्या शेवटी सोबत आणायच्या सामानाची यादी असते. त्या यादीत हल्ली एक ओळ हमखास सापडते: घोट्यापर्यंत येणारे, वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज. दुकानातला विक्रेताही याच दोन गुणांपासून बोलायला सुरुवात करतो आणि किंमत त्यांच्याच हिशेबाने चढत जाते. हा सल्ला मुळात बर्फाच्या मुलखातला. हिमालयात ओले मोजे घालून राहणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी, त्यामुळे तिथे तो रास्तच आहे. पण हरिश्चंद्रगडाला किंवा राजगडाला निघालेल्या माणसाने तो जसाच्या तसा उचलावा, असे काही नाही. सह्याद्रीसाठी बूट घेताना लक्ष आणि पैसा आधी सोलच्या रबरावर आणि मापावर खर्च व्हायला हवा. बाकीचे गुण त्यानंतर पाहावेत. त्यांतले एक-दोन तर नसलेलेच बरे.

सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, अर्थात बेसाल्ट. कोरडा आणि खडबडीत कातळ सहसा दगा देत नाही. दगा देतात त्या शेकडो पावलांनी गुळगुळीत झालेल्या कातळकोरीव पायऱ्या, पाण्याचा पातळ थर चढलेले रॉक पॅच, आणि दिवाळीनंतर वाळून सुटा झालेला मुरूम, ज्याला आपण घसारा म्हणतो. ओल्या दगडावर मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीत शिरून धरून राहते, तर कडक रबर पाण्याच्या थरावरून सरकते. कडक प्लास्टिकसारख्या सोलला कितीही खोल खाचा पाडल्या तरी त्याचा स्वभाव बदलत नाही. खाचांचे काम चिखलात आणि घसाऱ्यावर. कातळावर उलट जितका जास्त सोल टेकेल तितके बरे. म्हणून आपल्याकडे मध्यम खोलीच्या, सुट्या खाचांचा आणि मऊ रबराचा सोल ही सगळ्यांत शहाणी तडजोड ठरते. नखाने दाबल्यावर सोल किंचित दबला पाहिजे. चाचणी ढोबळ आहे, पण डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जाते. डोंगरी बुटांच्या इतिहासातला मोठा बदलही तळातच झाला. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले, त्यांच्या पायांतले बूट त्या परिस्थितीला अपुरे होते. त्या दुर्घटनेने अस्वस्थ झालेल्या विताले ब्रामानी यांनी १९३७ च्या सुमारास खिळे ठोकलेल्या चामडी तळाऐवजी खोल खाचांचा रबरी सोल आणला, तोच पुढे ‘व्हिब्रम’ झाला. आपल्याकडच्या जुन्या ट्रेकर मंडळींनीही ‘ॲक्शन’चे स्वस्त ट्रेकिंग शूज वर्षानुवर्षे घातले ते कातळावर पकड मिळते म्हणूनच, दिसायला ते काही फार देखणे नव्हते. अर्थात हिरव्या शेवाळावर कोणतेच रबर टिकत नाही. तिथे पाऊल कुठे टाकायचे हे डोळ्यांनीच ठरवावे लागते.

आता वॉटरप्रूफपणा. बुटाच्या आतला पातळ पडदा पाण्याचे थेंब अडवतो आणि घामाची वाफ बाहेर सोडतो, असे त्याचे तत्त्व आहे. वाफ बाहेर जाते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असेल तर. जुलैत घाटमाथ्यावर हवाच पाण्याने भरलेली असते, शिवाय ती फारशी थंडही नसते, म्हणून घाम आतच साचतो. त्याहून साधी अडचण अशी की पाऊस बुटाच्या तोंडातून येतो. पँटवरून निथळणारे पाणी मोज्यात उतरते, गुडघाभर ओढा एकदा ओलांडला की बूट भरतो, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तो ते बाहेरही जाऊ देत नाही. महाबळेश्वराच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी पाय ओले होणार हे धरूनच चालावे. जाळीदार बुटातले पाणी चालता चालता निथळते. सुती मोजे टाळून सिंथेटिक किंवा लोकरी मोजे घातले आणि एक कोरडी जोडी पिशवीत ठेवली, तर फोडांचा त्रास बराच कमी होतो. हिवाळ्यात, दव पडलेल्या गवतातून चालताना वॉटरप्रूफ बूट सुखाचा वाटेल हे मान्य. पण त्या सुखासाठी दुप्पट पैसे मोजायचे का, हा प्रश्न उरतोच.

उंच घोट्याच्या बुटाने पाय मुरगळत नाही, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. बास्केटबॉलच्या सहाशेहून अधिक खेळाडूंवर केलेला एक प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात उंच आणि बुटक्या बुटांत घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हा आक्षेप बरोबर आहे. पण मग उंच बूट वाचवतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. उंच बुटाचे वजन मात्र नक्की जाणवते. पायावरचा एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतका दमवतो, असे अमेरिकी लष्कराच्या संशोधकांना १९६९ मध्येच आढळले होते, आणि दमलेला पाय उतरणीवर जास्त चुकतो. उंच बुटाच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, तो फुरशाचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर फुरसे जमिनीलगत, दगडांच्या आसपास असते आणि त्याचा दंश बहुधा पायालाच होतो. कोकणातल्या सड्यांवर आणि गवतात भटकणाऱ्याने घोटा झाकणारा बूट जरूर घ्यावा.

मापाकडे तर आपण दुर्लक्षच करतो. दुकानातले माप लांबीचे असते आणि आपली अडचण रुंदीची. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. ‘भा’ ही नवी मापपद्धती त्याच पाहणीतून सुचवली गेली. परदेशी साच्यावर बेतलेल्या बुटात चवडा आवळतो, म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो. मग टाच आत हलते, उतरताना पाय पुढे सरकतो आणि नखे काळी पडतात. म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून पाहावा. नाडी बांधून दुकानातल्या जिन्यावरून खाली उतरावे. बोटे पुढे टेकली तर तो बूट परत करावा, रंग कितीही आवडला तरी.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे गडाखालच्या वाडीतला वाटाड्या: तो रबरी चपलेत, कधी अनवाणी, आपल्या पुढे पळतो, मग बुटांचे एवढे कौतुक कशाला? केनियात अनवाणी चालणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की तळव्याची जाड कातडी पायाला जपते, पण जमिनीची जाणीव कमी करत नाही. असा पाय लहानपणापासून घडतो. आठवडाभर ऑफिसच्या बुटात असलेल्या पायाला तो शनिवारी सकाळी मिळत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे: मऊ रबर खोडरबरासारखे झिजते. झिजतेच. पण महागडा बूट माळ्यावर ठेवून टिकतो, हाही भ्रम आहे. अनेक बुटांच्या मधल्या थरातले पॉलियुरेथेन दमट हवेत काही वर्षांत न वापरताही कुजते आणि सोल अर्ध्या वाटेत सुटून येतो. कमी किमतीचा बूट वापरून झिजवणे आणि खाचा गेल्या की बदलणे, हाच हिशेब स्वस्त पडतो.

हे सगळे ग्राहकाने नखाने दाबून ओळखावे, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. कारखान्यातल्या सुरक्षा बुटांसाठी घसरण मोजण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फरशीवर सोल किती धरतो हे तीत मोजतात आणि त्याची खूण बुटावर छापतात. डोंगराच्या बुटावर तशी खूण बहुधा नसते. रबराचा कडकपणा मोजण्याची पद्धतही जुनीच आहे आणि निर्मात्याकडे तो आकडा असतोच. तो डब्यावर छापायला जास्तीचा खर्च शाईचा. फरशीऐवजी ओला बेसाल्ट वापरून चाचणी घ्यायची, तर तो दगड महाराष्ट्रात शोधत फिरावे लागणार नाही. गिर्यारोहण संस्था आणि ट्रेक आयोजकांनी ही मागणी भारतीय मानक ब्यूरोकडे करावी. ती मान्य होईपर्यंत आपल्या यादीतली ‘वॉटरप्रूफ, हाय अँकल’ ही ओळ खोडून ‘मऊ रबराचा, न झिजलेला सोल’ एवढे तरी लिहावे.