हमीपत्र एकतर्फी का?

जो शासनापुढे अनुदानासाठी हात पसरतो त्याने खासगीपणाची बूज राखली जावी अशी अपेक्षा करू नये, करदात्यांचा पैसा योग्य हाती पडावा म्हणून एका खात्याने अर्जदाराची हरएक बाब दुसऱ्या खात्यास कळविली तर त्यात गैर काय, असा पूर्वपक्ष हल्ली हिरिरीने मांडला जातो. आणि तो मांडणारे पुष्कळदा कळकळीचे लोक असतात, म्हणूनच त्याचा परामर्श घेणे अवश्य आहे.

त्यातील सत्यांश मला मान्य आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये १४,००० हून अधिक पुरुषांनी उचलल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले. तेव्हा तपासणी नको असे कोण म्हणेल? परंतु तपासणीचा अधिकार निराळा आणि मिळालेला तपशील वाटेल त्या दप्तरी धाडण्याची मोकळीक निराळी.

२०२४ च्या पावसाळ्यात शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे नगर रस्त्यालगतच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी उभा होतो. बाया ह्याच योजनेच्या हमीपत्रावर सही किंवा अंगठा करीत होत्या. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, घरी चारचाकी नाही, आधारने ओळख पटविण्यास संमती आहे, हा त्यातील मजकूर कोणी वाचला नाही, कोणी वाचूनही दाखविला नाही. वाया गेलेल्या आधारप्रतींचा गठ्ठा टेबलावर होता आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर दिवसाचा हिशेब चालला होता. पान उलटताच नाव, जन्मतारीख, पत्ता स्वच्छ वाचता येत होता. ह्या अंगठ्याला संमती म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान करणे होय.

लपविण्यासारखे काही नसेल तर भय कसले, असे विचारणाऱ्यांनी ह्या गावाचे स्मरण ठेवावे. रमाई आवास योजनेच्या घरकुलासाठी जातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो रास्तच आहे. पण १ जानेवारी २०१८ रोजी ज्या परिसराने दगडफेक आणि जाळपोळ पाहिली, तेथे जात, पत्ता आणि मोबाइल क्रमांक एकाच यादीत हातोहात फिरणे ही कारकुनी किरकोळ बाब नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, तो काही फक्त धनिकांसाठी नव्हे. असे असता २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने मात्र एका सवलतीसाठी दिलेली माहिती दुसरीसाठी पुन्हा न विचारता वापरण्याची मुभा शासनास देऊन ठेवली आहे.

सप्टेंबर २०२५ पासून लाडक्या बहिणीस पती किंवा पित्याचेही आधार पडताळून द्यावे लागले. मृत्यू वा घटस्फोट झाला असल्यास दाखला स्वीकारण्याची सोय मागाहून झाली; परंतु जिला नवऱ्याने टाकले आणि जी कधी कोर्टाची पायरी चढली नाही, तिने कोणता कागद आणावा? योजनेच्या पात्रतेत ‘परित्यक्ता’ हा शब्द शासनानेच घातला आहे.

लाभार्थ्याचे नाव आणि रक्कम चावडीवर अवश्य लागावी. २००५ चा माहिती अधिकार कायदाही तेच सांगतो. आधार क्रमांक, बँकेचे खाते, मोबाइल मात्र त्या कामापुरतेच राहावेत. अर्जदार जसे हमीपत्र देते तसे शासनानेही तिला द्यावे: तुझी माहिती कोणत्या कचेरीस, कशासाठी व किती मुदतीपर्यंत दिली, आणि चूक झाल्यास दाद कोणाकडे मागावी. शिरूर तालुक्यातील भगिनींनी येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडावा.