गाडी प्रेमावर टिकत नाही

एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हेक्टर येते. २०१९मध्ये ती भारतात आली तेव्हा 'इंटरनेट कार' म्हणून तिची जाहिरात झाली होती. पण या दोन अक्षरांचा मूळ अर्थ आहे 'मॉरिस गॅरेजेस'. ऑक्सफर्डमधल्या एका गॅरेजचं हे नाव. जिथे गाड्या विकल्या आणि दुरुस्त केल्या जात, त्या जागेचं नाव गाडीला मिळालं. आज हे नाव एका चिनी कंपनीकडे आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं भांडण वेगळं आहे, आणि ते मांडायला मला याच नावाची एक जुनी गाडी लागणार आहे: एमजीबी.

एमजीबी ही दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात ती इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. इंजिन १७९८ सीसीचं आणि अगदी साध्या घराण्यातलं. त्याच घराण्यातली इंजिनं कंपनीच्या घरगुती सेडान गाड्यांमध्येही असायची. १९८०मध्ये कारखाना बंद झाला. पुढे मालक बदलत गेले आणि २००५मध्ये एमजी रोव्हर ही कंपनीच बुडाली. तरीही इंग्लंडमध्ये आज हजारो एमजीबी रस्त्यावर आहेत आणि त्यातल्या कित्येकींची देखभाल मालक घरीच करतात.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट्ससाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या शेजारी एक निवृत्त अकाउंटंट राहतात. त्यांच्याकडे १९७२ची एमजीबी आहे. शनिवारी मी त्यांच्या मदतीला जातो. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस नव्या गाड्यांच्या आत आणि एक दिवस जुन्या गाडीच्या खाली. त्यामुळे हे भांडण माझ्या घरातलंच आहे.

जुन्या गाड्यांवर जे लिहिलं जातं त्यात हमखास प्रेम असतं. चामड्याचा वास, वळणाचे रस्ते, वाऱ्यावर उडणारे केस, मालकाची निष्ठा. मला हे सगळं दिशाभूल करणारं वाटतं. पन्नास वर्षांची गाडी प्रेमावर टिकत नाही. ती टिकते कारण ती उघडता येते, तिचं ज्ञान लिहून ठेवलेलं आहे आणि तिचे सुटे भाग बाजारात मिळतात. या तिन्ही गोष्टी कुणीतरी ठरवून केलेल्या असतात. आणि आज त्या ठरवून काढून घेतल्या जात आहेत.

आधी उघडता येण्याबद्दल. एमजीबीचं बॉनेट उचललं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की आत कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. वडिलांची जुनी चेतक ज्यांनी पाहिली असेल त्यांना पॉइंट घासणं म्हणजे काय ते सांगायला नको. या पॉइंटमधली फट साधारण ०.०१५ इंच ठेवायची. त्यासाठी लागतं फीलर गेज, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पात्यांचा जुडगा. शेजारी दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. दोन्हींतून सारखीच हवा जायला हवी. ते तपासायची जुनी पद्धत म्हणजे रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी, आणि दोन्हींचा 'हिस्स' आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. पान्यांचा इंची सेट, एक जॅक, स्टँड आणि ग्रीस गन एवढ्यावर बरंचसं काम निभतं.

ही गाडी काही साधुसंत नव्हे. तिच्या दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या गंजतात, आणि गाडीचा भार त्यांच्यावर असल्यामुळे तो गंज नुसता दिसण्यापुरता नसतो. आधीच्या मॉडेल्समध्ये सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखाली कोंबलेल्या आहेत. वायरिंगवर इंग्रजांनी पिढ्यान् पिढ्या विनोद केलेत. एमजीबी बिघडते, भरपूर बिघडते. पण तिचा बिघाड दिसतो. माणूस त्याच्यापर्यंत पोचू शकतो.

आता ज्ञानाबद्दल. जॉन हेन्स नावाचा तरुण ब्रिटिश हवाई दलात होता. एडनला असताना त्याने सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट पूर्ण खोलून पुन्हा जोडायला मदत केली आणि करता करता टप्प्याटप्प्याचे फोटो काढले. त्यातून १९६६मध्ये पहिलं 'हेन्स' वर्कशॉप मॅन्युअल निघालं. पद्धत सोपी होती: खरी गाडी खोलायची, जोडायची, आणि जे केलं ते फोटोंसकट लिहायचं. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, किती आवळायचा. एमजीबीचंही मॅन्युअल आलं.

आपल्याकडे अशा कामाला कौतुकाने 'जुगाड' म्हणायची सवय आहे, म्हणून सांगतो: हा जुगाड नाही. शेजारचे काका सिलिंडर हेडचे नट टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मापाने आवळतात. ते आयुष्यभर ताळेबंद लिहीत आले, इंजिनिअरिंग कधी शिकले नाहीत. तरी त्यांना हे जमतं, कारण कुणीतरी ते नीट लिहून ठेवलंय. आपण ज्याला 'ओपन सोर्स' म्हणून मिरवतो ती गोष्ट या माणसाच्या हातात तेलकट पानांच्या पुस्तकात आहे. २०२०मध्ये त्याच प्रकाशनाने नव्या मॉडेल्ससाठी छापील वर्कशॉप मॅन्युअल काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

तिसरी गोष्ट, सुटे भाग. गंजलेल्या पेट्यांचं काय करायचं? १९८८पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी विकत मिळू लागली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्यातले मूळ साचे शोधून काढले आणि पत्रा पुन्हा दाबायला सुरुवात केली. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाली होती! साचे भंगारात गेले असते तर कितीही प्रेम असून उपयोग नव्हता.

आता आजच्या गाडीकडे या. तुम्हाला मागच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलायचेत. कित्येक नव्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असतो, हँडब्रेक ओढायची दांडी नसते. पॅड काढण्याआधी त्या ब्रेकच्या मोटरला 'मागे हो' असं सांगावं लागतं. हा संदेश काही बाइट्सचा असतो. काही गाड्यांत तो डॅशबोर्डच्या मेनूतून पाठवता येतो. पण कित्येक गाड्यांत त्यासाठी स्कॅन टूल लागतं. काही गाड्यांत बॅटरी बदलली तरी ती नव्याने नोंदवावी लागते. आणि आता काही कंपन्यांच्या गाड्यांत अशा कामाआधी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते.

हे कुलूप कसं चालतं ते मला माहीत आहे. गाडी टूलला एक आकडा देते, टूलने त्यावर ठरलेली गुप्त क्रिया करायची आणि उत्तर परत पाठवायचं. उत्तर जुळलं तर दार उघडतं. तंत्र म्हणून त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच आहे की ती गुप्त क्रिया कुणाला माहीत असावी? ज्याने गाडीचे पैसे मोजले त्याचं नाव या यादीत का नाही?

यावर ठरलेलं उत्तर येतं: सुरक्षितता. ब्रेकशी खेळ नको, चोर गाडी पळवतील, हॅकर घुसतील. यातलं चोरांचं भय खरं आहे. किल्ली जुळवणारं आणि इंजिन सुरू होऊ देणारं सॉफ्टवेअर कुलपातच हवं, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण ब्रेक पॅड मागे घ्यायच्या संदेशाने कुठला चोर गाडी पळवणार? आणि ब्रेकचं काम घरी धोक्याचं असेल तर ते १९७२मध्येही होतं. त्यावर तेव्हा तोडगा निघाला तो मॅन्युअलचा. कुलूप घालायची गरज पडली नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली काय काय आत शिरतं तेही पाहा. २०२२मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी महिन्याचं भाडं लावलं. सीटच्या आतलं यंत्र गाडीत आधीच बसवलेलं होतं! लोकांनी शिव्या घातल्या आणि पुढच्या वर्षी कंपनीने माघार घेतली. त्या कुलपात कुणाची सुरक्षितता होती?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जुनी स्पोर्ट्स कार हा स्वतःचं गॅरेज असलेल्या खात्यापित्या माणसाचा छंद. शिवाय ती धूर ओकते, तिच्यात एअरबॅग नाही. सगळं मान्य. तुम्ही एमजीबी घ्यावी असं मी म्हणतच नाही. पण कुलपाचा फटका कुणाला बसतो ते बघा. शेजारच्या काकांचा शनिवार जाईल. आपल्या नाक्यावरच्या, बारा बाय दहाच्या गाळ्यात तीन पोरं हाताशी घेऊन काम करणाऱ्या मिस्त्रीची रोजीरोटी जाईल. २०१४मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याचसाठी: सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं. पुढे अपिलं झाली. २०२२च्या डिसेंबरमध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. चांगलंच झालं. पण पोर्टलवर माहितीची लिंक असल्याने गाडीतलं कुलूप उघडत नाही.

मग हा प्रश्न आपल्याकडे कुणाला टोचत का नाही? कारण आपण इंजिनिअर झालो तेच हात काळे होऊ नयेत म्हणून. पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून 'जॉब' सबमिट करायचा, आणि शक्यतो वर्कशॉपच्या मामांकडूनच तो करून घ्यायचा. 'अभ्यास नाही केलास तर गॅरेजात काम करशील' हे वाक्य मराठी मध्यमवर्गाच्या किती घरांत बोललं गेलंय! कुणाचे हात तेलात जायचे आणि कुणाचे नाही हे आपल्याकडे जातीने ठरत आलंय. म्हणून निवृत्त अकाउंटंट गाडीखाली झोपलेला पाहिला की आपल्याला त्याचं 'पॅशन' दिसतं, आणि तेच काम करणारा आपला मिस्त्री दिसला की 'अडाणी'. कुलूप लिहिणारा आणि कुलपाबाहेर राहणारा यांच्यात एवढं अंतर असलं की कुलूप लिहिताना हात थरथरत नाही.

माझ्या मागण्या तीनच आहेत. एक, दुरुस्तीचं पूर्ण मॅन्युअल गाडीबरोबर मिळालं पाहिजे, मालकालाही आणि नाक्यावरच्या मिस्त्रीलाही. दोन, ब्रेक, बॅटरी, तेल अशा देखभालीच्या प्रत्येक कामाचा संदेश गाडीच्या स्वतःच्या मेनूतून, सर्व्हरला न विचारता पाठवता आला पाहिजे. तीन, कंपनी एखाद्या मॉडेलचं सॉफ्टवेअर सांभाळणं थांबवेल तेव्हा त्याची साधनं खुली झाली पाहिजेत. आपल्या काळातले साचे तेच आहेत, ते भंगारात जाता कामा नयेत.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखेच कोड लिहिणारे असतील. पुढच्या रिव्ह्यूत एखादं कुलूप दिसलं तर एक प्रश्न विचारा: 'कंपनी बुडाल्यावर मालकाने हे कसं उघडायचं?' उत्तर नसेल तर अप्रूव्ह करू नका.

इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला, तिच्यात मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीतून सूट मिळते. तुमची आजची गाडी चाळीस वर्षांची होईल तेव्हा ती तपासायची सोडा, उघडायला तरी येईल का, हे आजच ठरतंय. ते आपण लिहितोय.